साहेबाचा कट्टा आणि आपले आकाश

देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग नावाचा किल्ला आहे. मराठ्यांच्या आरमाराचे ते एक मोठे ठाणे होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. ह्याच किल्ल्यात काही साधे ओटे आहेत. किल्ल्याचे बुरूज आणि तट पाहून थक्क झालेला प्रवासी त्या ओट्यांकडे सहसा पाहत नाही. परंतु गावचे लोक ते आवर्जून दाखवितात व त्यांस ‘साहेबाचे ओटे’ किंवा ‘साहेबाचा कट्टा’ म्हणतात. हा साहेब कोण, तो येथे कशासाठी आला, आणि त्याच्या येण्याशी आपला काय संबंध, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. मी छत्तीस वर्षे शाळामास्तर होतो. त्या अवधीत किती वर्गांना मी असे सांगितले असेल, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने विजयदुर्गच्या ओट्यांवर दुर्बीण लावली व सूर्यात हेलियम वायू आहे हा शोध तेथे लावला! सांगताना माझी छाती फुगत असे आणि मुलांचे डोळे चमकत. सेवानिवृत्त झाल्यावर सवडीने जुने ग्रंथ वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ही गोष्ट खरी नाही. मास्तराने फळ्यावर चुकीचे लिहिले तर ते पुसण्याचे कामही त्याचेच. म्हणून आधी ते पुसतो, आणि मग जे खरे आहे ते लिहितो. खरे अधिक मोलाचे आहे, असे आपणांसही वाटेल.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, एवढे खरे. त्यासाठी फ्रान्सचे पियेर जान्सेन आंध्रातील गुंतूर येथे येऊन राहिले होते. मेजर टेनंट यांची इंग्रज तुकडीही गुंतूरलाच होती. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणास गेले होते. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्षल, म्हणजे युरेनस ग्रह शोधणाऱ्या थोरल्या हर्षलचे नातू, वर्णपटदर्शक यंत्र घेऊन बसले होते. सूर्यबिंबाच्या कडेवर ज्या तांबड्या ज्वाला ग्रहणात दिसतात त्या तापलेल्या वायूंच्या आहेत, हे त्या दिवशी निश्चित झाले. जान्सेन यांनी तर दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही, वर्णपटाच्या साह्याने त्या ज्वाला पाहण्याची युक्ती साधली.

आणि लॉकियर? ते त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हतेच. ते इंग्लंडात होते. सरकारच्या युद्धखात्यात कारकुनी करीत होते, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात हौसेने सूर्याचा अभ्यास करीत होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडातूनच, स्वतंत्रपणे, जान्सेन यांच्यासारखेच यश मिळविले. सूर्याच्या वर्णपटातील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, ती पृथ्वीवर तोवर न सापडलेल्या कोणत्या तरी द्रव्याची असावी, ह्या विचारातून त्या द्रव्यास सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव मिळाले. पुढे १८९५ साली विल्यम रॅम्से यांनी एका खनिजातून तो वायू प्रत्यक्ष वेगळा काढला, तेव्हा लॉकियर यांचा तर्क खरा ठरला. विजयदुर्गाचा ह्या साऱ्याशी संबंध नाही. शिवाय, ऑगस्ट महिन्यात कोकणाच्या किनाऱ्यावर काय स्थिती असते, हे कोकणी माणसास तरी सांगावयास नको. मुसळधार पावसात सूर्य पाहावयास कोणता शहाणा माणूस मुद्दाम विजयदुर्गास जाईल? हा साधा प्रश्न मला छत्तीस वर्षांत सुचला नाही, ह्याचे आज नवल वाटते.

आता खरी हकीकत ऐका.

शके १८१९ च्या पौष अमावास्येस, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी, शनिवारी भर दुपारी, आपल्या महाराष्ट्रावरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. विजयदुर्गाजवळ ती किनाऱ्यास लागली. तेथून घाट चढून करमाळे तालुक्यातील जेऊर, मग वऱ्हाड, मध्यप्रांत आणि पुढे बक्सारवरून हिमालयाकडे ती निघून गेली. सूर्य पूर्ण झाकलेला असण्याचा काळ आपल्याकडे सुमारे दोन मिनिटांचा होता. ह्या दोन मिनिटांसाठी अर्ध्या जगातून माणसे आली. दिवस वाईट होते. आदल्या वर्षापासून पुण्यामुंबईकडे प्लेगाने थैमान घातले होते. परंतु जानेवारीचे आकाश निरभ्र होते आणि त्याने कोणासही दगा दिला नाही.

विजयदुर्गास आले ते लॉकियर. आता ते ‘सर’ झाले होते. त्यांच्याबरोबर शास्त्रज्ञ मंडळी थोडी होती. पण ‘मेलपोमीनी’ ह्या इंग्रजी आरमाराच्या जहाजावरील अधिकारी व खलाशी त्यांच्या दिमतीस होते, आणि ह्याच लोकांना त्यांनी निरीक्षक केले. श्रोतेहो, माझ्या मते त्या कट्ट्याचे खरे महत्त्व येथे आहे. दोर ओढणारे, वल्ही मारणारे, तोफा साफ करणारे हे लोक. ग्रहगणिताची त्यांना ओळख नव्हती. लॉकियर यांनी त्यांच्या टोळ्या पाडल्या. एका टोळीने सूर्याभोवतीच्या किरीटाचे, म्हणजे खग्रास स्थितीतच दिसणाऱ्या त्या मोत्यासारख्या प्रभेचे, चित्र काढावयाचे. दुसऱ्या टोळीने दिवसाढवळ्या कोणकोणते तारे व ग्रह दिसले ते टिपावयाचे. कोणी जमिनीवरून धावणाऱ्या छायेच्या लहरी पाहावयाच्या, तर कोणी आकाशाचे व समुद्राचे पालटणारे रंग. काहींच्या डोळ्यांवर खग्रासापूर्वी पट्टी बांधून ठेवावयाची. कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यासच किरीटाच्या फिकट शिखा दूरवर दिसतात. ह्या साऱ्याची रंगीत तालीम आधीचे अनेक दिवस चालली होती. नाटकमंडळीत जसे प्रत्येक नटास आपल्या प्रवेशाची घटका ठाऊक असते, तद्वत प्रत्येक खलाशास आपले काम ठाऊक होते. अशीच योजना लॉकियर यांनी १८९६ साली नॉर्वेच्या किनाऱ्यावर केली होती. पण तेथे ढगांनी सूर्य दिसूच दिला नाही. विजयदुर्गास त्या कष्टांचे चीज झाले.

म्हणजे पाहा, हेलियमचा शोध त्या ओट्यांवर लागला नाही. परंतु साध्या माणसाला नीट शिकविले, कामाची वाटणी करून दिली व धीर दिला, तर तोही आकाशाचा विश्वासू साक्षीदार होऊ शकतो, ही गोष्ट मात्र तेथे प्रत्यक्ष करून दाखविण्यात आली. हेलियमच्या खोट्या मानापेक्षा हा खरा मान मला मोठा वाटतो.

त्याच दुपारी जेऊरला दोन मोठे तळ होते. एक अमेरिकेतील लिक वेधशाळेचा. त्याचे प्रमुख विल्यम कॅम्बेल यांनी चाळीस फूट लांबीचा प्रचंड कॅमेरा उभारला होता. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ त्यांच्याबरोबर होत्या व मदतीस जमलेल्या स्वयंसेवकांनीही तेथे कामे वाटून घेतली होती. दुसरा तळ आपल्या पुण्याचा. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील अध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. त्यांच्याजवळ वीस इंच व्यासाचा आरसा असलेली दुर्बीण होती. तेवढी मोठी दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात दुसरी नव्हती. नायगमवाला यांनी जेऊरला ग्रहणाचे वेध घेतले व त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. परदेशी पाहुण्यांच्या शेजारी आपल्या देशातील एक माणूस बरोबरीच्या नात्याने यंत्र लावून बसला होता, हे विसरता कामा नये. दुर्दैवाने १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली व यंत्रे दक्षिणेत कोडाईकनालला गेली. पुण्याच्या तरुणांस त्या दुर्बिणीला डोळा लावण्याची संधी त्यानंतर राहिली नाही.

तिसरा तळ वऱ्हाडात, पुलगावच्या अलीकडील तळणी ह्या लहानशा रेल्वे स्टेशनापाशी होता, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. ही मंडळी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची होती. ही संस्था १८९० साली मुख्यतः हौशी लोकांसाठी स्थापन झाली आणि तिने पहिल्यापासून स्त्रियांस सभासद करून घेतले. त्या वेळची जुनी व प्रतिष्ठित राजमान्य संस्था स्त्रियांना दारात उभे करीत नव्हती. तळणीच्या तळावर ॲनी माँडर नावाच्या बाई होत्या. त्या ग्रिनिच वेधशाळेत गणिताचे काम करीत असत. १८९५ साली लग्न झाले व त्या काळच्या नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. नोकरी गेली, पण आकाश गेले नाही. स्वतः आखून तयार करविलेला एक लहान कॅमेरा घेऊन त्या तळणीला आल्या आणि त्या दोन मिनिटांत त्यांनी किरीटाच्या एका शिखेचे असे छायाचित्र घेतले की तितकी लांब शिखा तोवर कोणाच्याही काचेवर उमटली नव्हती. चाळीस फुटी कॅमेरा शंभर कोसांवर उभा असता ही कामगिरी एका लहान कॅमेऱ्याने, नोकरी सुटलेल्या एका स्त्रीच्या हातून झाली. त्या प्रतिष्ठित संस्थेचे दार ॲनीबाईंस उघडले ते १९१६ साली.

त्याच तळावर जॉन एव्हरशेड नावाचे दुसरे एक हौशी गृहस्थ होते. पोटासाठी ते नोकरी करीत व घरी स्वतःच्या यंत्राने सूर्य पाहत. खग्रास स्थितीच्या आरंभी व शेवटी, पापणी लवते न लवते इतक्यात, सूर्याच्या कडेचा जो वर्णपट झळकून जातो त्याची सुरेख छायाचित्रे त्यांनी तळणीस घेतली. पुढे १९०७ साली हेच एव्हरशेड कोडाईकनालच्या वेधशाळेत नोकरीस आले, १९०९ साली सूर्यावरील डागांतून वायू बाहेर वाहतात हे त्यांनी दाखवून दिले व त्या शोधास त्यांचेच नाव पडले. वऱ्हाडातील एका आडस्टेशनावर हौस म्हणून आलेला माणूस अशा रीतीने आपल्या देशातील मोठ्या वेधशाळेचा प्रमुख झाला.

हे सर्व वाचताना माझ्या मनात एक शल्य राहते. त्या शनिवारी दुपारी विजयदुर्गच्या गावकऱ्यांनी, जेऊरच्या शेतकऱ्यांनी, तळणीच्या मजुरांनी काय पाहिले? ओझी वाहावयास, खड्डे खणावयास, राखण करावयास आपलीच माणसे होती. पण त्यांच्यापैकी कोणाला टोळीत घेऊन ‘तू तारे मोज, तू चित्र काढ’ असे सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. खलाशाला शिकविले, त्याच्या बाजूस उभ्या असलेल्या कोळ्याला शिकविले नाही. वस्तुतः ताऱ्यांवरून रात्री होडी हाकणारा तो कोळी खलाशाहून काही कमी आकाशवाचक नसेल. साहेबास ते सुचले नाही, आणि आपल्यालाही तेव्हा ते मागावयाचे सुचले नाही.

तथापि आपल्याकडे अगदीच काही नव्हते असे मात्र नाही. त्याच काळात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शंकर बाळकृष्ण दीक्षित नावाचे शिक्षक होते. जन्म दापोलीजवळच्या मुरुडचा, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि आयुष्य गेले ते गावोगावच्या शाळांत मास्तरकी करण्यात. त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला व तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या जोडीचे ग्रंथ आपल्या भाषेत आजही थोडेच आहेत. पण त्याबरोबरच त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ नावाचे सोपे पुस्तकही लिहिले. त्याचे दुसरे नाव रात्रीच्या दोन घटका मौजेविषयी आहे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. जेवण झाल्यावर अंगणात घोंगडी टाकून मुलाबाळांसह तारे ओळखावे, एवढीच त्यांची अपेक्षा. एप्रिल १८९८ मध्ये, त्या ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, दीक्षित वारले. मी मॅट्रिकच आहे, आणि मास्तर होतो. म्हणून दीक्षितांचे नाव घेताना मला थोडा अधिकार वाटतो व पुष्कळ लाजही वाटते.

पुढे १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला. त्या उत्साहात कलकत्त्यास हौशी मंडळींची एक ज्योतिषसंस्था निघाली. परंतु संस्थेहूनही एका माणसाची गोष्ट मला अधिक शिकविते. बंगालात जेसोर येथे राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी करीत. प्रवेश परीक्षेत, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकमध्ये, ते तीन वेळा नापास झालेले. त्यांनी धूमकेतू पाहिला आणि त्यांना आकाशाचे वेड लागले. पदरमोड करून तीन इंची दुर्बीण घेतली. काही ताऱ्यांचे तेज कमीजास्त होत असते, त्यांस रूपविकारी तारे म्हणतात. त्यांचे तेज रोज रात्री डोळ्याने अजमावून टिपून ठेवण्याचे व्रत त्यांनी घेतले आणि ती टिपणे अमेरिकेतील हौशी निरीक्षकांच्या संस्थेस पाठविली. त्या संस्थेने त्यांचे काम पाहून १९२६ साली त्यांस सहा इंची दुर्बीण वापरावयास धाडली. राधागोविंदांची नोंदलेली निरीक्षणे सदतीस हजारांवर आहेत. परीक्षेने ज्यास तीनदा परत पाठविले त्यास आकाशाने एकदाही परत पाठविले नाही.

महाराष्ट्रात ह्या हौसेस कायमचे घर मिळाले ते २२ ऑगस्ट १९४४ रोजी, पुण्यात. त्या दिवशी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या, आज चालू असलेल्या आपल्या देशातील संस्थांत ती सर्वांत जुनी होय. नायगमवालांची वेधशाळा गेल्यापासून पुण्यात जी उणीव होती ती ह्या मंडळींनी लोकांच्या बळावर भरून काढली. व्याख्याने द्यावी, दुर्बिणी लावाव्या, येईल त्यास आकाश दाखवावे, असा त्यांचा क्रम. पुढे १९७७ साली मुंबईत नेहरू तारांगण उघडले. १९८५ साली, हॅलेचा धूमकेतू पुन्हा यावयाच्या सुमारास, मुंबईत खगोल मंडळ निघाले व त्यांनी कर्जतच्या वाटेवरील वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन सुरू केले. लोकलगाडीने जावे, रात्रभर तारे पाहावे व पहाटेच्या गाडीने परतावे, ही रीत मुंबईकरांच्या अंगवळणी पडली.

ह्या दोन तारखांच्या मध्ये एक दिवस येतो. तो मी विसरू शकत नाही. १६ फेब्रुवारी १९८० चा तो दिवस, माघ अमावास्या, वारही शनिवारच. त्या दुपारी खग्रास छाया कारवार-अंकोल्याकडून आत शिरून रायचूरवरून पूर्वेस ओडिशाच्या किनाऱ्याकडे गेली. मी तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील एका खेड्यात नवाच शिक्षक होतो. सायंकाळची एस्‌टी धरली असती तर सकाळी खग्रासाच्या पट्ट्यात पोचलो असतो. पण डोळे जातात, अन्न विषारी होते, गरोदर स्त्रियांस अपाय होतो, अशा बातम्यांनी सारा मुलूख भेदरला होता. शुक्रवारी शाळा सुटताना एका मुलाने विचारले, ‘गुरुजी, ग्रहण कसं बघायचं?’ मी म्हणालो, ‘बघायचं नाही. घरात बसायचं, दारं-खिडक्या लावून.’ त्या दुपारी मोठमोठ्या शहरांतले रस्ते ओस पडले होते. आमच्या खेड्यात तर कुत्रेही फिरकत नव्हते.

मीही दार लावून बसलो. घर कौलारू. एक कौल सरकले होते, त्यातून रोज दुपारी जमिनीवर एक वाटोळा कवडसा पडे. त्या दिवशी सहज त्याकडे लक्ष गेले. सारवलेल्या जमिनीवर तो कवडसा वाटोळा राहिला नव्हता. त्याची चंद्रकोर झाली होती. पाहता पाहता ती कोर बारीक होत गेली आणि मग हळूहळू उलटी भरत आली. कौलाच्या फटीतून सूर्याचे चित्र माझ्या जमिनीवर पडत होते. मी दार लावले होते, पण ग्रहण छपरातून आत येऊन बसले होते! सुईच्या छिद्रातून पलीकडच्या वस्तूची प्रतिमा कशी पडते, हा धडा मी दोनच महिन्यांपूर्वी फळ्यावर शिकविला होता. सोमवारी वर्गात विचारले, तेव्हा कळले की कवडशाची कोर चार मुलांनी आपापल्या घरी पाहिली होती व भीतीने कोणास सांगितली नव्हती. ज्याने शुक्रवारी मला प्रश्न विचारला होता तो मुलगा त्यांत नव्हता. त्याच्या घराला पत्रे होते, आणि खिडक्या माझ्या सांगण्यावरून लावल्या होत्या. त्या मुलास मी काय देऊ शकलो असतो, हे त्या सोमवारी मला उमगले.

पंधरा वर्षांनी पुन्हा संधी आली. २४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळी. खग्रासाचा पट्टा राजस्थानातील नीम का थाना, फत्तेपूर सिक्री असा जाऊन बंगालमध्ये डायमंड हार्बरकडे उतरत होता. सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता तो सुमारे एक मिनिट. पण ह्या वेळी विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थांनी आधीचे कित्येक महिने गावोगावी जाऊन समजावले होते आणि लोक हजारोंनी त्या पट्ट्यात गेले. मैदानांत, गच्च्यांवर, रेल्वेच्या फलाटांवर माणसे उभी राहिली. पंधरा वर्षांत माणसांचे डोळे बदलले नव्हते, सूर्यही बदलला नव्हता. कोणी तरी हात धरून बाहेर आणले, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडे ते ग्रहण खंडग्रास होते. दिवाळीची सुट्टी असूनही सकाळी मी शाळा उघडली. एका लहान आरशावर कागद चिकटवून त्यास मध्ये टिकलीएवढे भोक ठेवले, आरसा उन्हात धरला व सूर्याची प्रतिमा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडली. नवे कपडे घातलेली मुले, त्यांच्या आया, काही म्हाताऱ्याही आल्या. एका आजीबाईंनी भिंतीवरची कोर पाहून आधी हात जोडले आणि मग म्हणाल्या, ‘एवढंच व्हय? मग आमास्नी कोंडून का ठिवलं हुतं?’ ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते; कारण कोंडून ठेवणाऱ्यांत मीही एक होतो.

श्रोतेहो, ह्या सव्वाशे वर्षांच्या हकीकतीतून मला एकच गोष्ट दिसते. आकाश कोणी कुलपात ठेवलेले नाही. पण ते पाहण्याची रीत कोणी तरी लावून द्यावी लागते. जेथे ती रीत लावली गेली तेथे खलाशी, कारकून, नोकरी सुटलेली स्त्री आणि मॅट्रिक नापास नाणेपारखी ह्यांनीही विद्येत भर घातली. जेथे लावली गेली नाही तेथे निसर्गाचा महोत्सव डोक्यावरून निघून गेला आणि आपण दार लावून बसलो.

ही रीत लावण्यास फार साधने लागत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या महिन्यांत अमावास्येच्या जवळचा शनिवार निवडावा. गावाबाहेरचे, दिव्यांपासून दूरचे मैदान घ्यावे. डोळे अंधाराला सरावण्यास निदान वीस मिनिटे द्यावी. विजयदुर्गच्या खलाशांच्या डोळ्यांवरील पट्टी आठवावी. बॅटरीवर तांबडा कागद बांधावा, म्हणजे सराव मोडत नाही. प्रथम नुसत्या डोळ्यांनी मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध दाखवावे. मग असल्यास साधी द्विनेत्री दुर्बीण द्यावी. रांगेत सर्वांत लहान मूल पुढे असावे. प्रत्येकाकडे एक तरी काम द्यावे: कोणी तारे मोजावे, कोणी चित्र काढावे, कोणी वेळ टिपावी. नुसते पाहिलेले विसरते, टिपलेले राहते. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून वा क्ष-किरणाच्या फिल्ममधून कधीही पाहू नये, आणि दुर्बिणीतून तर मुळीच नाही. त्यासाठी प्रमाणित चष्मा वापरावा, नाही तर तो छिद्राचा आरसा आहेच. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. ढगांनी जागा दिली तर कवडशाचा प्रयोग करून पाहावा. आणि २० मार्च २०३४ रोजी खग्रास छाया काश्मीर-लडाखच्या मुलखावरून जाणार आहे. आज जी मुले पाचवीत आहेत ती तेव्हा कमावती होऊ लागतील. त्यांनी आतापासून पैसे साठवावे.

शेवटी एक विनंती. अलीकडे विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा होतो. त्यामागील गावाची भक्ती खरी आहे, तिचा मी अनादर करीत नाही. परंतु त्या ओट्यांचा खरा दिवस २२ जानेवारी हा आहे. त्या दिवसांत कोकणात पाऊस नसतो, हवा कोरडी असते आणि सायंकाळी मृग चांगला वर चढलेला असतो. त्या दिवशी आसपासच्या शाळांतील मुलांना, कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या मुलांना, कट्ट्यावर बसवावे, त्यांच्या टोळ्या पाडाव्या, हातात कागद-पेन्सिल द्यावी आणि आकाश दाखवावे. साहेबाने खलाशांसाठी जे केले ते आपण आपल्या लेकरांसाठी करू. मग त्या कट्ट्यास कोणाचे नाव असावे, हे ती मुलेच ठरवितील.